खाडीचं सरपण

माझ्या माहेरी कुऱ्हाड नव्हती. वडील पनवेलात भाताच्या गिरणीवर कामाला होते आणि गिरणीतलं तूस आम्हांला फुकट मिळायचं. पत्र्याच्या डब्यात मधोमध दांडा उभा करायचा, भोवती तूस ठासून भरायचं, दांडा हळूच काढून घ्यायचा आणि खालच्या भोकातून पेटवायचं. सकाळचा सगळा स्वयंपाक त्यावर व्हायचा. त्यामुळे लग्न होऊन सासरी आले तेव्हा मला सरपणातलं काहीच कळत नव्हतं. कुठलं लाकूड जळतं आणि कुठलं नुसतं धुमसतं, हेही नाही.

सासर पनवेलहून कर्नाळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका खेड्यात होतं. देश स्वतंत्र होऊन पाचसहा वर्षं झाली असतील. घरात सासूबाई, थोरले दीर, थोरली जाऊ आणि आम्ही दोघं. थोरले दीर भातशेती बघायचे. आमचे हे खाडीवर मिठागरात कामाला होते, आठवड्यातून एकदा घरी यायचे. शेण आणि पालापाचोळा घरात भरपूर असायचा, पण तो चुलीसाठी नव्हे. उन्हाळ्यात भाताच्या रोपांची जागा भाजायची असते, त्याला राब म्हणतात, त्यात ते सगळं जायचं. चुलीला लाकूडच लागे आणि ते रानातून डोक्यावरून आणावं लागे.

लग्नाला आठवडा झाला नाही तोच सासूबाई म्हणाल्या की थोरलीबरोबर उद्यापासून रानात जायचं. हातात हिरवा चुडा होता. मी आईकडून आणलेलं चांगलं लुगडं नेसून निघाले, तर जावेनं मला परत पाठवलं आणि जुनेरं नेसायला लावलं.

ती माझ्याहून बारातेरा वर्षांनी मोठी होती. अंगानं उंच, हाडापेरानं मजबूत. तिचं माहेर कर्नाळ्याच्या डोंगराला लागून होतं, म्हणून रानात ती घरच्यासारखी वावरायची. मूल झालं नव्हतं. घरात सासूबाई तिच्याशी कामापुरतं बोलत आणि बोलत तेव्हा कुठेतरी टोचत. तिनं उलट उत्तर दिलेलं मी कधी ऐकलं नाही. पहिल्या दिवशी वाटेत मी तिला "अहो जाऊबाई" म्हणाले, तेव्हा ती चालता चालता थांबली.

"अहोजाहो घरात कर," ती म्हणाली. "रानात कोन ऐकायला नाय."

आमचे हे तिला वहिनी म्हणत, म्हणून मीही वहिनीच म्हणू लागले.

पहाटे निघालो की उजाडायच्या सुमारास आम्ही डोंगराच्या पायथ्याशी पोचायचो. ओलं झाड तोडायची सरकारची मनाई होती. वाळून खाली पडलेलं, नाहीतर झाडावरच सुकलेलं लाकूड घ्यायला कुणी अडवत नसे. उंचावरची सुकी फांदी ती लांब बांबूच्या आकडीनं ओढायची. फांदी मोडताना कडकन आवाज आला तर ठीक. आवाज दबका आला तर आत ओल आहे, म्हणून ती बाजूला टाकायची. धावडा आणि ऐन दिसला तर दुसरं काही बघायचं नाही, पांगारा आणि सावर फुकट दिली तरी घ्यायची नाही, चिंचेचा निखारा चांगला पण ती फोडताना माणूस रडकुंडीला येतो, असं ती एकेक सांगायची. मला ते पाठ होत नसे. ती पुन्हा सांगायची.

मोळी रानवेलानं बांधायची. जुन्या लुगड्याची चुंबळ करून डोक्यावर ठेवायची. मग एकमेकींना हात देऊन मोळी चढवायची. उतरताना पायाकडे बघायचं नाही, बघितलं की तोल जातो. पहिल्या महिन्यात माझी मान इतकी धरली की रात्री कूस बदलता येत नव्हती. वहिनीनं सासूबाईंना न सांगता करंजाचं तेल कोमट करून माझी मान चोळली.

आणखी एक गोष्ट ती करायची. गावाची वेस आली की थांबायची, स्वतःच्या मोळीतली दोनचार जाड लाकडं उपसून माझ्या मोळीत खोवायची. सासूबाई ओट्यावरून दोन्ही मोळ्या बघत असत. मला कधी बोल लागला नाही तो त्यामुळे. तिला मात्र लागला. थोरलीचं अलीकडे कामात लक्ष नाही, असं सासूबाई शेजारणीला सांगत.

आणलेलं लाकूड अंगणात पसरायचं. दुपारी वहिनी कुऱ्हाड घेऊन बसायची. जाड ओंडक्याला आधी चीर बघायची, चिरेवर पाचर ठोकायची आणि मग घाव घालायची. तिचा घाव कधी चुकत नसे. मी ढलप्या वेचायचे, काटक्या वेगळ्या करायचे. जाड फोडी भाताच्या हंड्यासाठी, मध्यम भाकरीसाठी, काटक्या आणि ढलप्या पेटवणाला. पावसाळ्याची बेगमी चुलीवरच्या माळ्यावर रचायची, म्हणजे खालच्या धुरानं ती सुकी राहते. जूनपर्यंत माळा आढ्याला टेकला पाहिजे, असा घरचा दंडक होता. चार महिने दुसरं काही मिळत नाही.

अशी दोन वर्षं गेली. मला मुलगी झाली. मला वाटतं, वहिनीला रान आवडायचं ते लाकडासाठी नव्हतंच. तिथे ती गाणं गुणगुणायची, करवंदं खायची, एखाद्या धोंड्यावर पाय पसरून बसायची. घराच्या उंबऱ्यात पाय टाकला की ती पुन्हा गप्प.

तिसऱ्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला रानावर नवा राखणदार आला. त्यानं आमची नेहमीची वाट बंद केली. आत नवी रोपं लावली आहेत, सुकं असो की ओलं, काडीलाही हात लावायचा नाही, असा हुकूम झाला. आम्ही दोनतीनदा लांबच्या वाटेनं जाऊन आणलं. चौथ्यांदा त्यानं आम्हांला धरलं. मोळ्या टाकायला लावल्या, कोयता काढून घेतला आणि आपल्या चौकीसमोर उन्हात बसवून ठेवलं. माझी मुलगी तेव्हा पाच महिन्यांची होती, घरी सासूबाईंपाशी. दूध भरून छाती ठणकत होती आणि चोळी भिजली होती. वहिनी पदर धरून माझ्या पुढे बसली, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला मी दिसू नये. संध्याकाळी थोरले दीर आले, त्यांनी हात जोडले, तेव्हा आम्हांला सोडलं. कोयता मिळाला नाही. वाटेत दीर वहिनीला लागेल असं बोलले, जशी काही मनाई तिनंच काढली होती. मला काही बोलले नाहीत.

माळा निम्माही भरला नव्हता आणि वैशाख लागला होता. राब भाजून झालेला, त्यामुळे पालाही शिल्लक नाही. त्या आठवड्यात आमचे हे घरी आले आणि म्हणाले की मिठागराच्या बांधाखाली तिवरं दाट वाढलीत, खाडीकाठचे लोक तोडून नेतात, तिकडे कुणी विचारत नाही. लाकूड जड आणि खारट असतं, धूर करतं, पण पंधरा दिवस ऊन दिलं की जळतं.

वहिनीनं खाडी जवळून कधी बघितली नव्हती. चिखलातली झाडं ओळखणार कशी, असं तिनं मला विचारलं. मी पनवेलची. लहानपणी बंदरावर गलबतं बघायला जायचे, खाडीतली हिरवी झाडं लांबून बघितलेली. झाडांजवळ मी एकदाही गेले नव्हते. पण दोन वर्षं मीच तिच्याकडून शिकत होते, मला काही येत नाही हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मी म्हणाले, "मला ठाऊक आहेत ती सगळी. मी दाखवते." किती सहज म्हणाले मी ते.

पहिल्या दिवशी काही झालं नाही. ओहोटी बघून गेलो, बांधाच्या कडेची तिवरं तोडली, दोन जड मोळ्या घेऊन आलो. गुडघाभर चिखलात उभं राहून कोयता चालवायचा म्हणजे कंबर मोडते. वहिनी दमली, पण हसत होती. दुसरा कोयता दिरांनी शेजाऱ्याकडून मागून आणला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही थोडं आत गेलो. तिथे तिवरांच्या मागे एक वेगळं झाड होतं. पानं गुळगुळीत, त्यातली जुनी पानं लालबुंद झालेली. मी त्याची एक सुकी फांदी मोडून बघितली, हलकी लागली. तिवराच्या ओझ्यानं मान गेली होती आणि घरी मुलगी भुकेली असणार हे डोक्यात होतं. मी वहिनीला हाक मारून म्हटलं की हेही तिवरच, जरा हलक्या जातीचं, याच्या दोन मोळ्या पटकन होतील.

ती आली आणि तोडायला लागली. मी तोडलेल्या फांद्या बांधाकडे ओढत नेत होते. बांधावर एक म्हातारी कोळीण चिंबोऱ्यांची टोपली घेऊन उभी होती. मी जवळ गेले तशी ती म्हणाली, "गो बाय, त्या झाराला कोयता नका लावू. तो वायट हाय."

मी तिच्याकडे बघितलं. मला वाटलं, खाडी आपल्या बापाची असल्यासारखी बोलते आहे. हलकं लाकूड स्वतःसाठी राखून ठेवायचं असेल. रानात राखणदार, इथे ही. मी मागे वळले. म्हातारी थोडा वेळ थांबली, मग बांधावरून निघून गेली.

वहिनीनं कोयता थांबवून विचारलं, "काय बोलली ती?"

"भरती येईल म्हणते. लवकर आटपा."

तिनं मान हलवली आणि बुंध्याजवळच्या जाड फांदीवर घाव घातला. दुसऱ्या की तिसऱ्या घावाला साल फुटली आणि पांढरा चीक उडाला. तिच्या कपाळावर, गालावर, डाव्या डोळ्यात. तिनं हाताच्या पाठीनं डोळे पुसले. त्या हातावरही चीक होता, तो उजव्या डोळ्यालाही लागला. ती ओरडली नाही. कोयता चिखलात पडला आणि ती जागच्या जागी खाली बसली.

मी खाडीचं पाणी ओंजळीनं घेऊन तिच्या डोळ्यांवर मारलं. ते खारं पाणी आणखी झोंबलं असणार. मग प्यायला आणलेलं लोटाभर पाणी होतं ते ओतलं. ती पुन्हा पुन्हा म्हणत होती की आग होते, आग होते, पण हळू, जणू कुणाची झोपमोड होईल अशा आवाजात. थोड्या वेळानं म्हणाली, "मोळी बांध." मी म्हटलं मोळी राहू दे. तिनं ऐकलं नाही. रिकाम्या हातानं गेलो तर काय होईल हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. दोन्ही मोळ्या बांधल्या, एक तिच्या डोक्यावर चढवली, दुसरी मी घेतली, आणि तिचा एक हात माझ्या खांद्यावर घेऊन आम्ही चालत आलो. पदरानं डोळे झाकून ती दीडदोन तास चालली. वाटेत तीनदा अडखळली, मोळी पडू दिली नाही.

घरी पोचेपर्यंत दोन्ही डोळे सुजून बंद झाले होते. सासूबाईंनी धण्याचं पाणी केलं, लोण्याची पट्टी ठेवली. मग शेजारच्या एका बाईनं सांगितलं की बाळंतिणीचं दूध घाला, उतरेल. घरात ती मीच होते. वहिनीला भिंतीशी निजवलं, तिचं डोकं मी मांडीवर घेतलं आणि पापण्या बोटांनी उघडून थेंब थेंब दूध तिच्या डोळ्यांत पिळलं. दिवसातून तीनदा, चार दिवस. तिच्या डोळ्यांतून ते गालावर ओघळायचं आणि ती पदरानं टिपायची. पहिल्या दिवशी ती एवढंच म्हणाली की पोरीला पुरेल ना.

माझ्या दंडावर त्या फांद्या ओढताना चीक लागला होता तिथे फोड आले. सासूबाईंनी विचारलं तेव्हा चुलीची वाफ लागली म्हणून सांगितलं.

पाचव्या दिवशी थोरल्या दिरांनी बैलगाडी जुंपली आणि तिला पनवेलच्या सरकारी दवाखान्यात नेलं. मी बरोबर होते. डॉक्टरांनी डोळे तपासले आणि झाड कुठलं होतं ते विचारलं. दीर माझ्याकडे बघू लागले. मी म्हटलं, नाव माहीत नाही. डॉक्टर म्हणाले की खाडीत असं एक झाड असतं, कोळ्यांच्या पोरांना सुद्धा ठाऊक असतं, त्याच्या वाऱ्याला कुणी उभं राहत नाही. मग त्यांनी दिरांना विचारलं, "चार दिवस घरी काय करत होता?" उजवा डोळा महिनाभरात सुधारला. डाव्यात पांढरं फूल पडलं ते कायमचं. निघताना डॉक्टरांनी धुरात बसू नका, असं बजावून मलमाची डबी दिली होती.

घरी आल्यावर सासूबाईंनी ओट्यावरच विचारलं, ते झाड तोडायला कुणी सांगितलं. माझी मुलगी माझ्या कडेवर होती. मी तोंड उघडायच्या आत वहिनी म्हणाली, "मीच. मला हलका वाटला. धाकटी नको म्हनत हुती."

सासूबाई जे बोलायचं ते तिला बोलल्या. मी मुलीला घेऊन आत गेले.

आता ते लाकूड. आम्ही त्या दिवशी आणलेल्या मोळ्या अंगणात तशाच सोडल्या होत्या. या गडबडीत शेजारच्या गड्याकडून दिरांनी सगळंच फोडून घेतलं, तिवर आणि ते, आणि उन्हात एकत्र पसरलं. साल सुटल्यावर सगळं सारखंच दिसत होतं. चीक होता तर धूरही तसाच असेल, या भीतीनं मी दुपारी सगळे झोपले की एकेक फोड हातात घेऊन वजनाचा अंदाज घ्यायचे. हलकी लागली की घरामागच्या ओढ्यात टाकायची. तिवराच्या बारीक फांद्याही हलक्याच असतात. त्यामुळे चांगलंही किती टाकलं आणि वाईट किती ठेवलं, ते मला कधीच कळलं नाही. एकदा सासूबाईंनी बघितलं. मी म्हटलं किडलेलं आहे. त्या म्हणाल्या की किडलेलं पण जळतंच.

त्या पावसाळ्यात श्रावण संपायच्या आत माळा रिकामा झाला. गोठ्याचं जुनं दार फोडून जाळलं, मग कुंपणाच्या मेढी, मग माडाच्या ओल्या झावळ्या. घर धुरानं भरलेलं असायचं. आणि चुलीपुढे वहिनी. कारण कुऱ्हाडीचा तिचा अंदाज गेला होता. एका डोळ्यानं ओंडका कुठे आहे ते कळेना, घाव शेजारी जमिनीत बसायचा. दोनतीनदा तसं झाल्यावर सासूबाईंनी तिच्या हातातून कुऱ्हाड काढून घेतली आणि तिला चुलीवर बसवलं, मला बाहेरच्या कामाला. चूल फुंकताना तिचा राहिलेला डोळा लाल होऊन पाणी गळायचं. मी दारातून बघायचे आणि मनात एकच यायचं की आत्ता घातलेली फोड कुठली. मी आत बसते म्हणून दोनदा म्हटलं. सासूबाई म्हणाल्या, तुझ्या अंगावर पोर आहे, धूर त्याला लागेल.

पाऊस सरल्यावर रानाची मनाई थोडी सैल झाली. मी गावातल्या बायकांबरोबर जाऊ लागले. एक दिवस वहिनी कुणाला न विचारता आमच्या मागून आली. चढाला ती नीट चालली. मला बरं वाटलं. तिनं एक सुका ऐन शोधला, आकडीनं फांदी ओढायला गेली तर आकडी दरवेळी फांदीच्या हातभर अलीकडेच पडायची. बायका बघत होत्या. एकीनं तिच्या हातातून आकडी घेतली आणि फांदी पाडून दिली. वाईट हेतूनं नाही. येताना उतारावर वहिनीचा पाय एका खळग्यात गेला, मोळी सुटली आणि ती लाकडांबरोबर घसरत खाली गेली. खरचटण्यापलीकडे काही लागलं नाही. पण ती उठली नाही. बसल्या जागी डोंगराकडे तोंड करून बसून राहिली. मी तिची लाकडं गोळा करून माझ्या मोळीत बांधली. पुन्हा ती रानात आली नाही.

घरात तिच्याविषयीचं बोलणं आता उघड होऊ लागलं. मूल नाही, बाहेरचं काम होत नाही. दीर जेवताना ताटाकडे बघत सगळं ऐकून घ्यायचे. दिवाळीनंतर एके दिवशी सासूबाईंनी सांगितलं की थोरली काही दिवस माहेरी जाऊन येईल. काही दिवस म्हणजे काय, ते सगळ्यांना कळलं. वहिनीनं बोचकं बांधलं. दोन लुगडी, मलमाची रिकामी डबी, एक फणी.

रस्त्यापर्यंत सोडायला मी गेले. तिचा भाऊ पुढे चालत होता. एसटीला वेळ होता. आम्ही दोघी वडाखाली उभ्या राहिलो. त्या सहा महिन्यांत मी तिला सांगायचं ठरवलं होतं, आणि दरवेळी काहीतरी आड यायचं. आता आड काहीच नव्हतं. तरी मी मुलीच्या अंगड्याचा बंद सोडत आणि बांधत राहिले.

तीच बोलली. रस्त्याकडे बघत म्हणाली, "ती कोलीन काय बोलली, ते मला आयकू आलता."

मी मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"सगला नाय. वायट हाय, येवढा आयकला," ती म्हणाली. "मला पन वाटला, लाकरासाठी बोलते."

हे खरं होतं की माझ्यासाठी बोललेलं, ते मला आजवर कळलेलं नाही. ऐकू आलं असेल तर मग मला विचारलं कशाला? मी काय सांगते ते बघायला? आणि ऐकूनही तोडलं, ते मी म्हटलं म्हणून? हे सगळं मला नंतर सुचलं. तेव्हा मी खाली बघत उभी राहिले. बस आली. तिनं मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला, भावाचा हात धरून पायरी चढली.

ती माहेरी पाचसहा वर्षं जगली. मी जाऊन आले नाही. त्यांचं गाव आमच्या रानाच्या पलीकडच्या अंगाला, पायी गेलं तर अर्ध्या दिवसाचं. सासूबाई परवानगी देत नाहीत असं मी स्वतःला सांगायचे. खरं तर मी कधी मागितलीच नाही. मधल्या काळात आमच्या घरी रॉकेलचा स्टोव्ह आला, सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला, मला आणखी दोन मुलं झाली. दिरांनी दुसरं लग्न केलं नाही. तेही तिला बघायला गेले नाहीत.

ती भर पावसात तापानं गेली. निरोप आला तो तिसऱ्या दिवशी, ओढ्याचं पाणी उतरल्यावर. दीर, आमचे हे आणि मी गेलो. सगळं उरकलं होतं. पुरुष बाहेर पडवीत बसले, मी आत तिच्या भावजयीपाशी. भावजय माझ्याच वयाची. तिनं सांगितलं की ती इथे रानात जायची, तिच्याबरोबर. चुकत, अडखळत, पण जायची. लाकूड हातात घेऊन दुसऱ्या लाकडावर वाजवायची आणि आवाजावरून सांगायची की कोरडं आहे की नाही. शेवटची दोन वर्षं उजव्या डोळ्यानंही फारसं दिसत नव्हतं. रात्रीची खोकायची. आमच्या घराविषयी काही बोलायची नाही, फक्त कधीतरी माझ्या मुलीचं विचारायची, केवढी झाली असेल म्हणून.

मग भावजयीनं विचारलं, "करवंदीचा काटा डोल्यात येवढा आत गेला कसा? आमाला ती काटा लागला येवढाच सांगायची."

चूल पेटलेली होती. बाहेर पुरुष पावसाविषयी बोलत होते. मी तिला सांगितलं. खाडी, लाल पानांचं झाड, मला सगळी झाडं ठाऊक आहेत असं मी म्हटलं ते, म्हातारी काय म्हणाली आणि वहिनीनं विचारल्यावर मी काय उत्तर दिलं ते. ओट्यावर तिनं माझा दोष आपल्यावर घेतला आणि मी आत निघून गेले तेही. आधी कुणाला सांगितलं नव्हतं, त्यामुळे नीट क्रमानं सांगता येईना, मागचं पुढे आणि पुढचं मागे होत होतं. ती ऐकत होती.

सांगून झालं तेव्हा ती उठली. चुलीतली लाकडं पुढे सारली, हंडा चढवला, आणि माझ्याकडे पाठ करून तांदूळ निवडायला बसली. पडवीतून आमच्या ह्यांनी निघायची हाक मारली. मी उठून उभी राहिले आणि येते म्हणाले. तिनं मान वर केली नाही. जेवून जा, असं त्या घरात मला कुणी म्हणालं नाही. आम्ही पावसातून परत निघालो.